दोन महिने न उतरणारं विमान

मैत्रिणींनो, विमान हा काही या पानाचा विषय नव्हे, मला ठाऊक आहे. मी कला शाखेची पदवीधर. शाळेत विज्ञानाचा तास आला की पोटात गोळा यायचा. पण गेल्या खरिपापासून डोक्यात एक विमान घिरट्या घालतंय ते काही खाली उतरायला तयार नाही. म्हणून म्हटलं, तुम्हालाच सांगून टाकावं.

त्याचं झालं असं. शेजारच्या गावात धानावर ड्रोनने फवारणी करून दाखवणार होते. आमच्या बचत गटातल्या सगळ्या जणी मोहाडीहून ऑटो करून बघायला गेलो. 'ड्रोन दीदी' योजनेबद्दल तुम्ही वाचलंच असेल. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने ती मंजूर केली. देशातल्या १५ हजार महिला बचत गटांना फवारणीचे ड्रोन, किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत आणि जास्तीत जास्त ८ लाख रुपये अनुदान. तर ते यंत्र धुऱ्यावर ठेवलं, टाकीत औषध भरलं आणि भर्रकन वर गेलं. बाया टाळ्या वाजवायला लागल्या. पण टाळ्या थांबतात न थांबतात तोच यंत्र खाली! बॅटरी संपली. दुसरी लावली, पुन्हा वर, पुन्हा दहा-बारा मिनिटांत खाली.

आमच्या गटातल्या एक वयस्कर काकू पदर सावरत म्हणाल्या, "बस, एवढाच का दम? मंग पंपवाली बाई बरी, थे दिवसभर तं पुरते."

सगळ्या हसल्या. माझा भाचा, म्हणजे धाकट्या नणंदेचा मुलगा, आमच्यासोबत आला होता. नागपूरला इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणाला, "मामी, असंही एक बिनमाणसाचं विमान आहे, जे दोन महिने खाली उतरलंच नाही."

मला वाटलं, पोरगं गंमत करतंय. घरी येऊन त्याने सगळं दाखवलं तेव्हा पटलं.

त्या विमानाचं नाव झेफायर. इंग्लंडात जन्मलेलं, नंतर एअरबस कंपनीने वाढवलेलं. १५ जून २०२२ ला ते अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटातून वर गेलं आणि १९ ऑगस्टला खाली आलं. आपल्या हिशेबात सांगायचं तर इकडे पऱ्हे टाकायच्या वेळी ते वर चढलं. आपली चिखलणी झाली, रोवणी झाली, निंदण झालं, पोळा आठवड्यावर आला, तोवर ते वरच होतं! एकदाही न उतरता ६४ दिवस. शेवटी उतरलं तेही धड नाही, कोसळलंच. गंमत म्हणजे हवेत सर्वांत जास्त काळ राहण्याचा विक्रम त्याआधी दोन हाडामांसाच्या माणसांचा होता. १९५८ च्या डिसेंबरात अमेरिकेतले दोघे एका छोट्या सेस्ना विमानात बसून लास वेगासवर घिरट्या घालत राहिले, ते १९५९ च्या फेब्रुवारीत ६४ दिवसांनी उतरले. खालून एक ट्रक विमानासोबत धावायचा आणि नळीने त्यांना पेट्रोल पुरवायचा, डबाही तसाच वर जायचा. (त्यांच्या कपड्यांचं धुणं कोण करत होतं, हा प्रश्न माझ्या मनात आलाच. आपण बायका!) झेफायरला तो विक्रम अवघ्या चार तासांनी हुकला. पुढे २०२५ मध्ये मात्र केनियातून उडालेलं झेफायर फेब्रुवारी ते एप्रिल असं ६७ दिवस वर राहिलं आणि विक्रम मोडला.

आता हे चालतं कशावर? तर उन्हावर. पेट्रोल नाही, डिझेल नाही. पंख २५ मीटर लांब, म्हणजे आपल्या शाळेच्या तीन-चार खोल्या ओळीने ठेवाव्यात एवढे. आणि सगळ्या विमानाचं वजन ७५ किलोच्या आत! आमच्याकडे धानाचं पोतं तेवढं भरतं. चाकं नाहीत. पाच माणसं ते हातांवर उचलून पळतात आणि पतंगासारखं सोडून देतात. काकूंना मी हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मंग तं आपल्यालेही जमन."

पंखांवर सौरपत्रे असतात. दिवसा त्यांतून मिळालेल्या विजेवर पंखे फिरतात, उरलेली बॅटरीत साठते आणि रात्री पुरवून पुरवून वापरायची. भाचा हे मोठ्या शास्त्रीय भाषेत सांगत होता. मी म्हटलं, बाबा, यात नवीन काय आहे? दिवसा कमवायचं, रात्रीसाठी ठेवायचं आणि सकाळ होईस्तोवर डबा रिकामा होऊ द्यायचा नाही, हे तर प्रत्येक घरची बाई करते. पण त्याने एक गोष्ट अशी सांगितली की मी खरंच चाट पडले. दिवसा ऊन भरपूर असतं तेव्हा हे विमान मुद्दाम आणखी वर चढतं, २१ किलोमीटरच्या वर. रात्री मग घारीसारखं तरंगत हळूहळू खाली येत राहतं, त्यामुळे पंख्यांना वीज कमी लागते. म्हणजे बॅटरीत जशी बचत, तशी उंचीतही बचत!

एवढ्या वर कशाला जायचं, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं. आपण आभाळात पाहतो ती प्रवासी विमानं दहा-बारा किलोमीटरवरून जातात. पावसाळ्यातले आपले गडगडणारे ढग त्याहून उंच जातात, पंधरा-सोळा किलोमीटर आणि कधी त्याच्याही वर. वीसच्या आसपास मात्र ना ढग, ना पाऊस, आणि वाराही बऱ्यापैकी शांत. पण तिथे हवा जमिनीवरच्या हवेच्या चौदाव्या हिश्शाएवढी विरळ, थंडी उणे पन्नास-साठ अंश. अशा विरळ हवेत तरंगायचं तर पंख लांबलचक हवेत आणि अंग हलकं. आणि जे एवढं हलकं, ते नाजूक असणारच. 'नासा'चं हेलिओस नावाचं असंच विमान होतं. पंख ७५ मीटरचे. ऑगस्ट २००१ मध्ये ते साडेएकोणतीस किलोमीटरपर्यंत चढलं. २००३ मध्ये हवाईच्या कौआई बेटाजवळ वाऱ्याच्या हेलकाव्यांत सापडलं आणि तुकडे होऊन समुद्रात पडलं.

त्याच कौआई बेटावरची आणखी एक गोष्ट मला फार आवडली. २००२ मध्ये 'नासा'ने हेलिओसचं धाकटं भावंड, पाथफाइंडर प्लस, तिथल्या कॉफीच्या मोठ्या मळ्यावर उडवलं. का? तर कोणत्या भागातली फळं पिकली आणि कोणती हिरवी आहेत, ते वरून फोटो काढून मळेवाल्याला सांगायला. म्हणजे कापणी कुठून सुरू करायची ते आभाळातून कळणार! आपल्या धानावर तुडतुडा आला की शेताच्या मधोमध पिवळी खाचरं पडतात. धुऱ्यावरून दिसतात तोवर उशीर झालेला असतो. वरून ती आठ दिवस आधी दिसली तर?

पण मला हा विषय एवढा लागला, तो धानामुळे नाही.

तुम्हाला २०२० चा ऑगस्ट आठवत असेल. कोरोनाचे दिवस, सगळे घरात. महिन्याच्या अखेरीला, २९ ते ३१ तारखेच्या दरम्यान, वैनगंगेला पूर आला. आमच्याकडे पाऊस तसा फार नव्हता. पाऊस पडला तो तिकडे मध्य प्रदेशात, शिवनी-बालाघाटकडे. तिकडच्या धरणांतून पाणी सोडलं आणि ते वाहत वाहत आमच्या भंडारा जिल्ह्यात आलं. माझी हीच धाकटी नणंद नदीकाठच्या गावात राहते. संध्याकाळी तिचा फोन आला, "वयनी, पानी वावरात घुसलं, पन घराले काही होत नाही." रात्री फोन लावला तर बंद. तिचा बंद, जावेचा बंद, सरपंचांचा बंद. गावच्या टॉवरची वीज गेली होती आणि त्याची बॅटरीही संपली होती. दोन दिवस आम्हाला काही कळलं नाही. यांनी मोटरसायकल काढली तर रस्ता पाण्याखाली. माझा हा भाचा तेव्हा शाळेत होता, शिकायला आमच्याकडेच राहायचा. दोन रात्री तो पोरगा फोन हातात धरून बसला होता. मी त्याला जेव म्हणायचे आणि माझ्याच घशाखाली घास उतरायचा नाही.

नणंद स्लॅबवर होती. शेजारची मिळून अकरा माणसं आणि एक वासरू. तिने आपलं लाल लुगडं विटा ठेवून स्लॅबवर पसरलं होतं, वरून कोणी गेलंच तर दिसावं म्हणून. वरून कोणी गेलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी बोट आली तीही गावातल्या एका पोराने पोहत जाऊन निरोप दिला म्हणून. माणसं वाचली. तीन एकर धान गेलं, भांडीकुंडी गेली, जावेच्या दोन शेळ्या गेल्या.

आता पुढचं ऐका. तो पूर ओसरला ऑगस्टच्या अखेरीस. त्याच सप्टेंबरात अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोच्या वाळवंटावर सनग्लायडर नावाचं सौरविमान एकोणीस किलोमीटरवर गेलं. ते एका जपानी कंपनीचं. त्याच्या पोटात मोबाइल टॉवरची यंत्रणा होती आणि तिच्यातून लोकांनी साध्या मोबाइलवरून अमेरिकेतून जपानला व्हिडिओ कॉल केला. आभाळात टॉवर! भाच्याने हे वाचून दाखवलं तेव्हा नणंद तिथेच बसून तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"म्हंजे पान्यात बुडाचाच नाही असा टॉवर?" तिने विचारलं.

हो, तसाच. बनवणारे सांगतात की असं एक विमान जमिनीवरच्या अडीचशे टॉवरचं काम करेल. बनवणाऱ्याचं बोलणं आहे, थोडं कमी करूनच धरावं. पण वीस किलोमीटर उंचीवरून आपला अख्खा जिल्हा त्याच्या नजरेत येतो हे खरं. २०१७ मध्ये पोर्टो रिको बेटावर चक्रीवादळाने जवळजवळ सगळे टॉवर झोपवले, तेव्हा गुगलवाल्यांनी 'लून' नावाचे फुगे त्याच उंचीवर सोडून हजारो लोकांचे फोन सुरू केले होते. पण लून परवडत नाही म्हणून २०२१ मध्ये बंद केलं. फेसबुकचं ॲक्विला नावाचं विमान होतं, तेही २०१८ मध्ये गुंडाळलं. एवढ्या श्रीमंत कंपन्यांना जे झेपलं नाही ते सोपं नाही, हेही लक्षात घ्यायला हवं.

आपल्याकडे काय? अगदीच काही नाही असं नाही. बंगळुरूच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने, म्हणजे 'नाल'ने, फेब्रुवारी २०२४ मध्ये कर्नाटकातल्या चित्रदुर्ग जिल्ह्यात चळ्ळकेरेजवळ असं एक छोटं सौरविमान उडवलं. पूर्ण विमानाचं हे लहान रूप, साधारण १२ मीटर पंखांचं. ते साडेआठ तास हवेत होतं, सुमारे तीन किलोमीटर उंचीपर्यंत गेलं. त्या वेळी प्रयोगशाळेचे संचालक होते डॉ. अभय पाशिलकर. नाव वाचून मला उगाचच बरं वाटलं. पूर्ण आकाराचं विमान बनेल ते वीस किलोमीटरवर तीन महिने राहावं, असं त्यांनी ठरवलं आहे. मे २०२५ मध्ये आपल्या संरक्षण संशोधनवाल्यांनी मध्य प्रदेशातल्या श्योपूरहून एक मोठं फुग्याचं जहाज १७ किलोमीटरवर नेलं, ते तासाभराने उतरवलं. तीन किलोमीटर ते वीस किलोमीटर आणि साडेआठ तास ते तीन महिने, मधलं अंतर मोठं आहे. पण पाऊल टाकलंय.

सैन्याची गोष्ट वेगळी. तिथे उन्हावर भागत नाही, इंधनावर चालणारी मोठी विमानं लागतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये भारताने अमेरिकेशी ३१ एमक्यू-९बी विमानांचा करार केला. ती चाळीस हजार फुटांवर चाळीस तासांपर्यंत राहू शकतात. ती समुद्रावर आणि सरहद्दीवर नजर ठेवणार, वैनगंगेवर नाही.

हे सगळं मी बचत गटाच्या बैठकीत सांगितलं. मला वाटलं होतं, बाया खूश होतील. तर तिथे वेगळंच सुरू झालं.

एक तरुण सून आहे गटात. फार बोलत नाही. ती एकदम म्हणाली, "म्हंजे वरून सारखा एक डोरा आपल्याकडं?" (आमच्याकडे डोळ्याला डोराच म्हणतात.) तिचा नवरा बाहेरगावी कामाला आहे. दिवसातून चारदा फोन करून लोकेशन पाठव म्हणतो. भाजीला गेली तरी फोटो पाठव. मागे या प्रकरणात मी दोनदा मध्ये पडले आहे, म्हणून मला माहीत. तिच्यासाठी 'वरून कोणीतरी पाहतंय' हे काही विज्ञानातलं नवल नाही, ते तिचं रोजचं जिणं आहे. दुसरी म्हणाली, "आमी नदीवर आंघोळीले जातो, वावरात आडोशाले बसतो. तेही दिसन का?"

मी भाच्याला विचारून आले होते, ते सांगितलं. वीस किलोमीटरवरून कॅमेऱ्याला साधारण वीतभर वस्तू वेगळी ओळखता येते, असं बनवणारे म्हणतात. म्हणजे माणूस आहे हे कळेल, पण बाई कोण, चेहरा कसा, हे कळणार नाही. "आज नाही कळत," ती सून म्हणाली. माझ्याकडे त्यावर उत्तर नव्हतं. आपल्याकडे ड्रोनचे नियम २०२१ मध्ये आले, माहितीच्या गोपनीयतेचा कायदा २०२३ मध्ये झाला. पण दोन-दोन महिने डोक्यावर थांबणारा डोळा कोणाच्या हातात असेल, तो फोटो कुणाकुणाला दाखवेल आणि पूर नसताना त्याने काय पाहायचं, हे आताच विचारायला हवं. विमान येऊन थांबल्यावर विचारून काय उपयोग? त्या सुनेचं बोलणं मला पटलं. तसं मी तिथे बोलूनही दाखवलं.

नणंद त्या दिवशी पाहुणी म्हणून बैठकीला होती. ती उठली. म्हणाली, "पाहू दे ना माय. माह्या स्लॅबवर दोन दिवस कोनी नाही पायलं." आणि खाली बसली. नंतर बराच वेळ कोणी बोललं नाही. शेवटी चहा आला.

घरी परतताना भाचा गाडी चालवत होता, आम्ही दोघी मागे. नणंद म्हणाली, "ते लाल लुगडं मी पेटीत सगळ्यात वर ठेवलं हाय. पूर आला तं लगेच हाताशी यावं म्हून. वरून लाल रंग दिसतो ना रे?"

"दिसतो आई. पण ढग नसले तर," तो म्हणाला. आणि मग त्याने ते सांगितलं, जे मला आधी कधी सुचलं नव्हतं. पूर येतो तेव्हा आभाळ भरलेलंच असतं. ढगांच्या वर थांबलेल्या साध्या कॅमेऱ्याला खाली कापसाखेरीज काही दिसायचं नाही. ढगातून पाहायचं तर रडार लागतं. रडारवाले उपग्रह आहेत, पण ते फिरत असतात, आज आपल्यावरून गेला तर पुन्हा यायला काही दिवस लागतात. तोवर पूर ओसरून जातो. थांबून राहणाऱ्या विमानावर रडार बसवावं तर ते जड आणि वीज खाणारं, आणि हे विमान तर चार-पाच किलो ओझं कसंबसं उचलतं. शिवाय आपल्या पावसाळ्यातून त्या नाजूक विमानाला वर चढवणं नाही की खाली उतरवणं नाही. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास चढवायचं आणि दिवाळीत उतरवायचं, असा सहा महिन्यांचा दम पाहिजे. आजचा विक्रम ६७ दिवसांचा.

"आणि रडारला रंग कळत नाही," तो म्हणाला. "लाल असो की हिरवं, लुगडं त्याला दिसणारच नाही. त्याला धातू दिसतो."

"मंग परात ठेवतो उलटी."

भाचा हसला. म्हणाला, "नुसती परात नाही चालत आई. तीन पत्रे एकमेकांना काटकोनात जोडायचे, घराच्या आतल्या कोपऱ्यासारखे. रडारचा किरण त्यात शिरला की जिथून आला तिकडेच परत जातो, म्हणून ते लांबून चमकतं. समुद्रातल्या छोट्या बोटींवर असंच लावतात."

नणंद थोडा वेळ गप्प बसली. सूर नदीचा पूल मागे गेला. मला वाटलं, तिला झोप लागली.

"टिनाचे तुकडे गोठ्यात पडलेच हायेत," ती म्हणाली. "दोन म्हनला का तीन?"